भयकथेच्या पाठीमागचे कागद

अमेरिकेत पडके किल्ले नव्हते, ओसाड मठ नव्हते, पिढ्यान्‌पिढ्या शाप भोगणारी सरदार घराणी नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये भयकादंबऱ्यांची चलती होती, पण त्या कादंबऱ्यांना लागणारे सामान या नव्या देशात मिळण्यासारखे नव्हते. तरीही तिथे भयाची परंपरा इतक्या लवकर रुजली, की हॉथॉर्न, पो, मेलव्हिल, मॉरिसन या मोठ्या नावांमधून भयकथा वेगळी काढताच येत नाही. ही भीती आली कुठून, याचे उत्तर बऱ्याच अंशी कागदपत्रांत सापडते. न्यायालयातल्या जबान्या, जहाजावरच्या नोंदी, पळालेल्या गुलामांच्या जाहिराती, लष्कराचे अहवाल आणि वर्तमानपत्रांची कात्रणे यांतून या कथा उगवल्या.

माझे म्हणणे असे, की ही कथा आणि तिच्यामागचे कागद शेजारी ठेवून सावकाश वाचले तरच दोन्ही नीट कळतात. कागदात ज्याला बोलू दिलेले नाही त्याची रिकामी जागा कथा दाखवते. कथेने स्वतःच्या सोयीसाठी काय बदलले, ते कागद दाखवतो. भराभर वाचणाऱ्याच्या हाती कथेतला धक्का आणि कागदातली तारीख एवढेच लागते. या दोन्हींच्या मधला ऐवज संथ वाचनातच मिळतो. गेल्या सव्वादोनशे वर्षांतली काही ठळक उदाहरणे घेऊन हा प्रश्न तपासून पाहू.

सुरुवातीचा करार

चार्ल्स ब्रॉकडेन ब्राउन हा अमेरिकेचा पहिला महत्त्वाचा कादंबरीकार. त्याच्या १७९८ सालच्या ‘वीलँड’मध्ये एक सज्जन, धार्मिक गृहस्थ दैवी आवाज ऐकून बायको आणि मुलांचा जीव घेतो. या कल्पनेमागे खरी घटना होती. न्यूयॉर्क प्रांतातल्या टॉमहॅनॉक या वस्तीत १७८१ च्या डिसेंबरात जेम्स येट्स या शेतकऱ्याने आदेश मिळाल्याच्या भावनेने आपले कुटुंब संपवले होते आणि त्याची हकीकत १७९६ मध्ये एका साप्ताहिकात छापून आली होती. हे प्रकरण वाचकांना आठवत असेल, हे ब्राउनने गृहीत धरले. छापील हकीकतीचा भर खुनावर आहे. कादंबरी मारेकऱ्याच्या बहिणीच्या तोंडून सांगितलेली असल्यामुळे ज्याच्यावर जीव लावला तोच माणूस परका कसा होतो, याचे वर्णन तिला करता येते.

पुढच्या वर्षीच्या ‘एडगर हंटली’च्या प्रस्तावनेत ब्राउनने जुन्या किल्ल्यांची सामग्री बाजूला सारून रानातला धोका आणि मूलनिवासींचे हल्ले हाताळण्याचा मनसुबा जाहीर केला. इथे वाचकाने थांबायला हवे. कादंबरीची भूमी पेनसिल्व्हेनियाची, आणि त्याच मुलखातल्या लेनापी लोकांची जमीन १७३७ च्या ‘वॉकिंग पर्चेस’ नावाच्या व्यवहारात गेली होती. दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन द्यायची, असा जुना करार पुढे करण्यात आला. मग आधीच साफ केलेल्या वाटेवरून वेगाने जाणारी निवडक माणसे पाठवून अपेक्षेहून कितीतरी मोठा प्रदेश घेतला गेला. हा व्यवहार वाचल्यावर कादंबरीतले ‘रानटी’ हल्लेखोर वेगळे दिसू लागतात. अंधारातून येणारी ती माणसे आपल्याच घराच्या दिशेने येत असतात, हे ब्राउन उघड म्हणत नाही. त्याने कथेत ठेवलेली एकटी लेनापी म्हातारी मात्र जागा सोडायला तयार नसते.

सेलम: जबानी, आडनाव आणि पश्चात्ताप

मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या चेटूक खटल्यांइतका या विषयाचा भरगच्च साठा दुसरा नाही. १६९२ मध्ये दीडशेहून अधिक लोकांवर आरोप झाले आणि १९ जणांना फाशी दिले गेले. जाइल्स कोरी हा वृद्ध शेतकरी खटल्याला सामोरा जायला तयार होईना, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून त्याला चिरडून मारले. काही जण तुरुंगातच मेले. विशेष न्यायालयाची अधिकृत नोंदवही आज उपलब्ध नाही, पण प्राथमिक चौकशा, फिर्यादी, साक्षी, वॉरंटे आणि विनंतीअर्ज असे नऊशेहून अधिक कागद टिकले आहेत. बर्नार्ड रोझेन्थल यांच्या संपादनाखाली २००९ मध्ये ते एका मोठ्या ग्रंथात आले.

हे कागद रोज थोडे थोडे वाचत गेले की पहिली भयंकर गोष्ट ध्यानात येते ती प्रश्नांची रचना. आरोपी दोषी आहे हे धरूनच प्रश्न विचारलेला असतो, त्यामुळे ‘नाही’ म्हणणारा माणूस खोटा ठरतो आणि ‘हो’ म्हणणारा वाचतो. कबुली देणाऱ्यांना त्या वर्षी सहसा फासावर चढवले गेले नाही, निर्दोष असल्याचे सांगत राहिलेल्यांना चढवले गेले. दुसरी गोष्ट हिशेबांची. कैद्यांना तुरुंगातले अन्न आणि बेड्या यांचा खर्च स्वतः सोसावा लागे. पाद्री सॅम्युअल पॅरिस यांच्या घरची गुलाम स्त्री तितुबा कबुली देऊन फाशीतून वाचली, पण ते पैसे कोणीतरी भरेपर्यंत १६९३ मध्ये ती कोठडीतच होती. चेटकिणीच्या कोणत्याही गोष्टीत नसलेली ही भीती त्या कोरड्या आकड्यांत आहे.

नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या खापरपणजोबांनी, जॉन हेथॉर्न यांनी, यातल्या अनेक चौकशा स्वतः चालवल्या होत्या. लेखकाने पुढे आडनावात एक अक्षर वाढवून घेतले. त्याची ‘यंग गुडमन ब्राउन’ ही कथा १८३५ मध्ये प्रसिद्ध झाली. एक तरुण रात्री जंगलात जातो आणि गावातल्या सगळ्या प्रतिष्ठितांना सैतानाच्या सभेत पाहतो. ते स्वप्न होते की खरे, हे कथा सांगत नाही, पण त्याचा माणसांवरचा विश्वास कायमचा उडतो. त्या सभेतल्या बायकांची क्लॉइस, कोरी, कॅरियर ही नावे थेट खटल्याच्या कागदांतली आहेत. मार्था कोरी आणि मार्था कॅरियर फासावर गेल्या, सेरा क्लॉइस वाचली.

घाईने वाचणाऱ्याला वाटते, लेखक या बायकांना खरोखरच चेटकिणी ठरवतो आहे. सावकाश वाचले की कळते, कथेतल्या गुडमन ब्राउनला जे दिसते ते प्रत्येक ठिकाणी ‘भासले’, ‘वाटले’ अशा शब्दांच्या पडद्याआडून येते. सेलमच्या न्यायालयाने नेमका असाच पुरावा मानला होता. आरोपीची छाया येऊन आपल्याला छळते असे कोणी म्हणाले, की ते ग्राह्य धरले जाई. डेव्हिड लेव्हिन यांनी १९६२ च्या एका निबंधात हे नाते दाखवून दिले. म्हणजे हॉथॉर्नने वाचकाला आपल्या पूर्वजाच्या खुर्चीवर बसवले आहे. छायेच्या पुराव्यावर शेजाऱ्यांना दोषी ठरवायचे की नाही, हा निवाडा आता आपल्याला करायचा आहे.

आर्थर मिलरने १९५३ च्या ‘द क्रूसिबल’ नाटकासाठी सेलमला जाऊन मूळ नोंदी वाचल्या आणि बदलल्याही. नाटकात जॉन प्रॉक्टरची तरुण प्रेयसी असलेली अ‍ॅबिगेल प्रत्यक्षात ११-१२ वर्षांची मुलगी होती, तर प्रॉक्टर साठीचा होता. साम्यवाद्यांच्या शोधमोहिमेच्या काळात मिलरला जे सांगायचे होते ते या बदलांमुळे जोरकस झाले. पण एका सूडकरी मुलीवर सारे लोटल्याने न्यायाधीश, पाद्री आणि जमिनीचे तंटे यांची जबाबदारी हलकी झाली. तितुबाचेही तसेच झाले. मूळ कागद तिला सातत्याने ‘इंडियन’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकापासूनच्या लेखनात ती हळूहळू आफ्रिकी जादूटोणा करणारी बनत गेली. कथाही कधी कधी चेटूक चौकशीसारखी वागते, आधीच हव्या असलेल्या साच्यात माणसाला बसवते. हे उमगण्यासाठी कागद हाताशी असावा लागतो.

सेलमच्या साठ्यात पश्चात्तापाचेही कागद आहेत. न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल १६९७ मध्ये चर्चमध्ये उभे राहिले आणि त्यांचा माफीनामा वाचला गेला. आरोप करणाऱ्या मुलींपैकी अ‍ॅन पटनम हिनेही १७०६ मध्ये तसेच केले. एलिझाबेथ जॉन्सन या शिक्षा झालेल्या स्त्रीचे नाव मात्र २०२२ पर्यंत निर्दोषांच्या यादीत आले नव्हते. एका शाळेतल्या विद्यार्थ्यांनी पाठपुरावा केल्यावर ते आले.

जहाजावरचा एक दिवस

एकच जोडी वाचायला वेळ असेल, तर मी हर्मन मेलव्हिलची ‘बेनिटो सेरेनो’ आणि कॅप्टन अमासा डेलॅनो याचे प्रवासवर्णन सुचवेन. १८०५ च्या फेब्रुवारीत चिलीजवळच्या सांता मारिया बेटापाशी डेलॅनोला ‘ट्रायल’ नावाचे स्पॅनिश जहाज भेटले. जहाजावरच्या गुलाम आफ्रिकी लोकांनी बंड करून ते आधीच ताब्यात घेतले होते. डेलॅनो दिवसभर जहाजावर वावरला, तेव्हा ते गुलाम असल्याचे आणि स्पॅनिश कप्तान मालक असल्याचे नाटक सुरू होते. डेलॅनोला काही कळले नाही. १८१७ च्या आपल्या पुस्तकात त्याने ही हकीकत न्यायालयीन कागदांसह छापली. मेलव्हिलने ते प्रकरण घेऊन १८५५ मध्ये आपली दीर्घकथा मासिकात क्रमशः प्रसिद्ध केली. हे मूळ हॅरल्ड स्कडर या अभ्यासकाने १९२८ मध्ये उजेडात आणले.

मेलव्हिलने काय बदलले याची यादी करत वाचावे. त्याने घटना मागे नेऊन १७९९ मध्ये ठेवली आणि जहाजाला ‘सान डॉमिनिक’ हे नाव दिले. त्यामुळे हैतीत तेव्हा चाललेल्या गुलामांच्या क्रांतीची आठवण जागी झाली. प्रत्यक्षात बाबो आणि त्याचा मुलगा मोरी असे दोघे होते. कथेत ते एकच झाले, कप्तानाच्या अंगाला चिकटून राहणारा नम्र नोकर आणि बंडाचा सूत्रधार असे. स्पॅनिश निशाण गळ्याभोवती बांधून बाबो कप्तानाची दाढी करतो तो प्रसंग आणि जहाजाच्या तोंडाशी गुलामांच्या मालकाचा सांगाडा बसवण्याची कल्पना, दोन्ही मेलव्हिलची. मूळ जबानीत मालकाला मारून समुद्रात टाकल्याचे आहे.

कथा पहिल्यांदा वाचताना भय कप्तानाच्या विचित्र वागण्याचे असते. दुसऱ्या वाचनात उत्तर ठाऊक असल्यामुळे भय डेलॅनोच्या भल्या स्वभावाचे वाटू लागते. हे लोक आनंदी, आज्ञाधारक आणि सेवेसाठीच जन्मलेले आहेत ही त्याची खात्री इतकी पक्की आहे, की डोळ्यांपुढचे बंड त्याला दिसत नाही. बंडखोरांनी त्याच खात्रीला ढाल केले आहे. कथेच्या शेवटी मेलव्हिल एक लांबलचक न्यायालयीन जबानी देतो, काही ठिकाणी मूळ मजकुरावर बेतलेली आणि काही ठिकाणी बदललेली. अनेक वाचक हा भाग चाळून पुढे जातात. या कथेचे मर्म तिथेच आहे. जबानी स्पॅनिश कप्तानाची आहे. बाबोला काही विचारलेले नाही आणि पकडल्यावर तो एक शब्द बोलत नाही. सगळे काही उलगडून सांगितल्याचा आव आणणारा कागद मुख्य माणसाबद्दल मुका आहे, हे मेलव्हिलने त्या कोरड्या भाषेतच दाखवले. मग डेलॅनोचे मूळ पुस्तक उघडले, की तिथेही निकाल, शिक्षा आणि खांबावर लावलेली मुंडकी आहेत, बंडखोरांची बाजू नाही. ग्रेग ग्रँडिन यांनी २०१४ च्या ‘द एम्पायर ऑफ नेसेसिटी’ या ग्रंथात या लोकांचा माग अनेक देशांच्या दप्तरखान्यांतून काढला. अशा शोधाची गरज मेलव्हिलच्या त्या मौनातूनच जाणवते.

माळा, नदी आणि कात्रण

गुलामगिरीच्या कागदांत भयकथेला वेगळे काही रचावे लागत नाही. नॉर्थ कॅरोलिनातली हॅरिएट जेकब्स मालकाच्या वासनेपासून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. ती जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच ठिकाणी तीन फूट होती. तिने १८६१ मध्ये टोपणनावाने छापलेले आत्मकथन पुढे बराच काळ कादंबरी समजले गेले. जीन फॅगन येलिन यांनी पत्रे आणि नोंदी ताडून १९८० च्या दशकात ते तिचेच आणि खरे असल्याचे सिद्ध केले. तिच्या मालकाने १८३५ मध्ये दिलेली शंभर डॉलर बक्षिसाची जाहिरात उपलब्ध आहे. तिची उंची, वर्ण, बोलण्यातली सफाई आणि चांगले कपडे यांचे बारकाईने वर्णन करणारी ती जाहिरात वाचली, की माळ्याचे अंतर कळते. जिच्या शोधासाठी शहरोशहरी पत्रके जात होती, ती त्याच गावात बसून भोकातून रस्त्याकडे पाहत होती.

टोनी मॉरिसन प्रकाशनसंस्थेत संपादक असताना ‘द ब्लॅक बुक’ या १९७४ च्या संग्रहासाठी जुनी कात्रणे पाहत होत्या. त्यांत मार्गारेट गार्नरची हकीकत होती. १८५६ च्या जानेवारीत ही स्त्री कुटुंबासह गोठलेली ओहायो नदी ओलांडून केंटकीतून सिनसिनाटीत आली. पाठलाग करणाऱ्यांनी घेरल्यावर, मुले पुन्हा गुलामीत जाऊ नयेत म्हणून तिने आपल्या लहान मुलीचा गळा चिरला. पुढचा वाद माणुसकीवरच्या विश्वासाला हादरा देणारा होता. गुलामीविरोधी कार्यकर्त्यांना तिच्यावर खुनाचा खटला हवा होता, कारण त्यात तिला माणूस मानले गेले असते. निर्णय मात्र १८५० च्या पलायित गुलाम कायद्यानुसार झाला आणि मालमत्ता म्हणून तिला परत पाठवले गेले.

१९८७ च्या ‘बिलव्हेड’मध्ये मॉरिसन यांनी शेवट बदलला. त्यांची सेथ परत पाठवली जात नाही. ती मोकळी राहते आणि मारलेली मुलगी घरी येते. गार्नरबद्दल फार शोध न घेता तिचे मन आपण कल्पनेने उभे केले, असे मॉरिसन सांगत. कायद्याने जो प्रश्न विचारलाच नाही, त्या आईने आपल्या कृत्याचे ओझे कसे वाहावे, तो विचारायला भुताची गरज होती. ‘बिलव्हेड’ अवघड वाटते, तुकड्यातुकड्यांत येते, आणि म्हणूनच ती एका बैठकीत संपवू नये.

तोंडी साक्षी वाचतानाही सावध राहावे लागते. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी प्रकल्पातून पूर्वीच्या गुलामांच्या २३०० हून अधिक मुलाखती नोंदल्या गेल्या. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे होते. चार्ल्स्टनच्या सुझन हॅम्लिन या वृद्धेच्या दोन मुलाखती शेजारी ठेवाव्यात. गोऱ्या बाईंपुढे ती दयाळू मालकाची आठवण सांगते. कृष्णवर्णीय मुलाखतकारापुढे ती मुलांपासून तोडलेल्या आयांचा आक्रोश सांगते. माणूस तोच, समोरचा बदलला. कागदापुढे कोण बसले होते, हा प्रश्न त्यामुळे कधी सोडता येत नाही.

मराठी वाचकाला या साठ्याशी जोडणारा दुवा जुना आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मधली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. तिथल्या दास्याच्या कागदांत आपल्या समाजाचा प्रश्न वाचण्याची रीत त्यांनी घालून दिली.

खोटे कागद

पो आणि त्याच्या नंतरच्या लेखकांनी उलट वाट धरली आणि कागदाचे सोंग आणले. मरणाच्या क्षणी संमोहित केलेल्या माणसाची १८४५ मधली व्हाल्डेमारची कथा वैद्यकीय अहवालाच्या थाटात लिहिलेली असल्याने काही वाचकांना खरी वाटली. एच. पी. लव्हक्राफ्टची १९२८ ची ‘द कॉल ऑफ कथुलू’ कात्रणे, पोलिसाची हकीकत आणि खलाशाचे टिपण यांतून रचलेली आहे. समुद्रातल्या राक्षसापेक्षा लेखकाला परदेशी, मिश्रवंशी माणसांची धास्ती अधिक आहे, हे हळू वाचल्यावर लपत नाही. चारच वर्षांपूर्वी, १९२४ मध्ये, अमेरिकेने वंशाच्या आधारे स्थलांतर रोखणारा कायदा केला होता. भारतासह आशियाचा मोठा भाग १९१७ पासूनच बंदीच्या पट्ट्यात होता. कायदा आणि कथा यांच्या विशेषणांत विलक्षण साम्य आहे. व्हिक्टर लव्हॅल यांनी २०१६ च्या ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’मध्ये लव्हक्राफ्टची एक कथा न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय तरुणाच्या नजरेतून पुन्हा सांगून याला उत्तर दिले.

शार्लट पर्किन्स गिलमनच्या १८९२ च्या ‘द यलो वॉलपेपर’ची जोडी डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांच्या सक्तीच्या विश्रांतीच्या उपचाराशी लागते. १८८७ मध्ये तिने तो स्वतः सोसला होता. कथा वाचून मिचेल यांनी उपचार बदलला असे आपल्या कानावर आल्याचे तिने १९१३ मध्ये लिहिले, पण त्याला दुजोरा देणारा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. लेखिकेचा स्वतःचा कागदही तपासूनच घ्यावा लागतो. शर्ली जॅक्सनच्या ‘द लॉटरी’च्या बाबतीत कागद कथेनंतर आले. १९४८ च्या जूनमध्ये ती छापून आल्यावर त्या उन्हाळ्यात तिला तीनशेहून अधिक पत्रे आली. कथेतल्यासारखी, नाव निघालेल्याला गावाने दगडांनी मारायची सोडत कुठे निघते आणि ती पाहायला मिळेल का, असे विचारणारी पत्रेही त्यांत होती. त्यामुळे तो पत्रसंच कथेइतकाच घाबरवतो.

आजचे लेखक

या शतकातले लेखक दप्तरखान्यात सरळ उतरले आहेत. ब्लॅकफीट समाजाचे स्टीव्हन ग्रॅहम जोन्स यांची २०२५ ची ‘द बफेलो हंटर हंटर’ एका पाद्र्याच्या सापडलेल्या रोजनिशीतून उलगडते. तिच्या मुळाशी २३ जानेवारी १८७० चे मरायस हत्याकांड आहे. मोंटानातल्या थंडीत देवीच्या साथीने खिळलेल्या छावणीवर लष्कराने गोळ्या झाडल्या. सुरक्षिततेचा लेखी दाखला असलेला प्रमुख हेवी रनरही मारला गेला. लष्कराच्या अहवालात १७३ मृत्यू मोजले आहेत. मेले त्यांत बायका, मुले आणि म्हातारे बहुसंख्य होते. कादंबरीतला रक्तपिपासू ब्लॅकफीट पाद्र्यापुढे आपली कैफियत मांडतो, आणि प्रथमच जबानी घेणाराच अपराधाच्या कक्षेत येतो.

तनानारिव्ह ड्यू यांची २०२३ ची ‘द रिफॉर्मेटरी’ फ्लॉरिडातल्या डोझियर सुधारगृहावर आधारलेली आहे. लेखिकेचे एक पूर्वज तिथे १९३७ मध्ये लहान वयात मेले. १९०० ते २०११ चाललेल्या या संस्थेच्या स्मशानात ३१ क्रूस होते. एका विद्यापीठाच्या पथकाने खोदल्यावर ५५ कबरी सापडल्या. कादंबरीत मेलेली मुले भुते म्हणून दिसतात. आकड्यांतली ही तफावत ठाऊक असलेल्या वाचकाला त्या भुतांवर विश्वास ठेवायला जड जात नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की संदर्भ कळला की भीती ओसरते. अनुभव उलटा आहे. ‘बेनिटो सेरेनो’चे रहस्य फुटल्यावरच ती खरी घाबरवते. तरीही क्रम पाळावा हे मला पटते. आधी कथा पूर्ण वाचावी, मग कागद, मग पुन्हा कथा. कागद आधी वाचला तर कथा त्याचे उदाहरण होऊन बसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खऱ्या माणसांच्या यातना भयाच्या आस्वादासाठी वाचणे योग्य आहे का? सैदिया हार्टमन यांनी १९९७ च्या ‘सीन्स ऑफ सब्जेक्शन’च्या आरंभीच गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसच्या आत्मकथनातला मावशीला मारहाणीचा प्रसंग पुन्हा उतरवायला नकार दिला. अशा वर्णनांची सवय होते आणि संवेदना बोथट होते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पाने उलटत जाणारे वाचन हेच करते, पुढचा धक्का शोधते. सावकाश वाचणारा एका ओळीशी थांबून विचारतो, हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, कोणाचे नाव नोंदवले आणि कोणाचे गाळले. असे वाचताना यातना देखावा होत नाहीत, कारण वाचक प्रेक्षकाच्या जागेवरून उठून साक्षीदाराची जबाबदारी घेतो.

मराठीत अमेरिकी भयकथा अनोळखी नाही. नारायण धारपांनी लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग यांच्या कल्पना मराठी मातीत रुजवल्या आणि त्यांच्यामुळे कित्येकांना वाचनाची गोडी लागली. आपल्याकडे आले ते भय, त्यामागचे कागद मात्र आले नाहीत. आता पुढचे पाऊल प्रकाशकांनी आणि अनुवादकांनी उचलावे. ‘बेनिटो सेरेनो’बरोबर डेलॅनोचे प्रकरण, ‘यंग गुडमन ब्राउन’बरोबर सेलमच्या चार जबान्या, जेकब्सच्या निवडक प्रकरणांबरोबर तिच्या मालकाची जाहिरात, असे एकेका जोडीचे छोटे खंड टिपांसह मराठीत यावेत. यातले बरेचसे मूळ साहित्य स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर गेलेले आणि सार्वजनिक संग्रहांत उपलब्ध आहे. सेलमचे कागद आणि त्या २३०० मुलाखती तर कोणालाही पाहता येतात. महाविद्यालयांच्या वर्गांत आणि वाचनकट्ट्यांवर असा एक खंड महिनाभर पुरेल. अशा वाचनाची सवय झालेला वाचक उद्या कोणताही सरकारी अहवाल किंवा चौकशीचा निष्कर्ष हाती घेईल, तेव्हा त्यात कोणाची जबानी नाही हे तो आधी पाहील.